रस्ता खाली आहे

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी माझे मामेसासरे मोपेडवरून उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या टॉवर चौकात पोहोचले. त्यांच्या दहा हात पुढे एक बाई सायकल हातात धरून लंगडत चालत होत्या. सायकल यात्रेचा समारंभ संपून दोन तास होऊन गेले होते. शेवटी राहण्यासाठी आयुष्यभर इतकी मेहनत घेतलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मामा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन माधव नगरात राहायला आले, तरी गार्डपण त्यांच्याबरोबरच आले. मालगाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते. ती दिसली की गाडी पूर्ण आली असे स्टेशनमास्तर मानतो. दिसली नाही तर गाडीचा काही भाग मागे राहिला आहे असे धरतो. मामांनी हा नियम घरालाही लावला. चारजण देवळात निघाले तरी ते सर्वांत मागे चालत आणि निघण्यापूर्वी शिट्टी वाजवत. मामी पायरीवरून म्हणायच्या, "अहो, शेजारीपाजारी पाहून राहिलेत." मामा म्हणायचे, "पाहू दे. सिग्नल पाहण्यासाठीच असतो." जाताना माणसे मोजायची आणि येताना मोजायची, हा त्यांचा नेम. एकदा राम घाटावर श्राद्धासाठी उतरलो तेव्हा आम्ही अकरा होतो आणि वर येताना बारा भरलो. मामांनी सगळ्यांना पायऱ्यांवर थांबवले. बारावा एक पंडा होता, तो दुसऱ्याच यजमानांच्या मागे जाता जाता आमच्यात मिसळला होता. त्याला बाजूला काढल्याशिवाय मामांनी हिरवी झेंडी दाखवली नाही. एका शेजाऱ्यांच्या अंत्ययात्रेला ते गेले, तेव्हा स्मशानातून निघताना एक माणूस कमी भरला. मामा फाटकात अडून उभे राहिले. शेवटी कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामाजी, वो एक अब नहीं आएगा." जाताना त्यांनी त्यालाही मोजले होते.

खिशात एक वही असे. तीत सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, विलंब आणि कारण असे चार रकाने आखलेले असत. माझ्या लग्नाच्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे : "वरात. विलंब एक तास दहा मिनिटे. कारण : नवरदेवाचे मित्र." त्या मित्रांपैकी एक आजही मामांविषयी चांगले बोलत नाही.

त्या वर्षांत उज्जैनमध्ये गिअरच्या सायकली नव्याने दिसू लागल्या होत्या. पाणी बाटलीत मिळू लागले होते, आणि डॉक्टर, सीए, सिमेंटचे व्यापारी अशी मंडळी पहाटे आखूड चड्ड्या घालून देवास रोडवर सायकली चालवू लागली होती. त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनांसाठी पाच दिवसांची यात्रा काढली : उज्जैनहून महू, महेश्वर, ओंकारेश्वर, इंदूर आणि परत उज्जैन. खर्च एक सोयाबीन मिलचे मालक करणार होते. त्यांची अट प्रत्येकाच्या कार्डावर छापलेली होती : एक सायकलस्वार, पूर्ण रस्ता, एक ऑपरेशन. मध्येच गाडीत बसला तर ऑपरेशन रद्द. कार्डावर रुग्णाचे नावही होते. सायकलस्वार एकोणीस होते आणि कार्डे एकोणीस. मी तेव्हा एका हिंदी दैनिकात वार्ताहर होतो आणि समितीच्या जीपमधून यात्रेबरोबर होतो. समितीचे अध्यक्ष फ्रीगंजातले एक दंतवैद्य होते. मागून एखादे वाहन असावे एवढेच त्यांच्या मनात होते. कुणीतरी मामांचे नाव सुचवले. मामांनी मोपेडच्या मागे पाटी लावली, लाल दिवा टांगला, आणि पहिल्या दिवशी सकाळी शिट्टी वाजवून अध्यक्षांना कळवले की आता ते जाऊ शकतात.

मोपेडचा वेग सर्वांत मंद सायकलीइतका ठेवायचा असल्याने ती चढावर गरम होऊन बंद पडे. मग मामा तिचे पेडल मारत. मोपेडला पेडल असतात हे बरेचजण विसरले होते; पाच दिवसांत ते सगळ्यांना आठवले. दर थांब्यावर ते डोकी मोजत. एक सीए झुडपामागे गेले होते, तर मामांनी अठराजणांना उन्हात उभे केले. सीए बाहेर येऊन म्हणाले, "मामाजी, दो मिनट की तो बात थी." मामा म्हणाले, "तीन. लिहून घेतले आहेत. कारणपण लिहू का?"

महेश्वरला घाटावर बसलो असताना मी त्यांना विचारले, की हे मोजण्याचे वेड कुठून आले. त्यांनी ते अगदी रिपोर्ट द्यावा तसे सांगितले. नोकरीच्या सुरुवातीला, मे महिन्यातल्या एका दुपारी, त्यांच्या गाडीचे, दोन डबे जोडणारे कपलिंग तुटले. इंजिन पुढचे डबे घेऊन निघून गेले आणि मागे चार डबे, गार्डची ब्रेकव्हॅन आणि मामा राहिले. "ड्रायव्हरला पत्ता नाही, फायरमनला पत्ता नाही. तीन तास मी तिथे बसून. स्टेशनमास्तरला पाटी दिसली नाही म्हणून लोक परत आले, जावईबापू. मी दिसलो नाही म्हणून नाही. पाटी दिसली नाही म्हणून." एवढे बोलून ते उठले आणि पायऱ्यांवर पाय सोडून बसलेली माणसे मोजू लागले.

सर्वांत मागे असत त्या पुण्याहून तीन महिन्यांपूर्वी फ्रीगंजच्या शाखेत बदलून आलेल्या एका बँकेतल्या बाई. साहजिकच मामांची सोबत त्यांनाच जास्त झाली. बाई त्यांना काका म्हणत, ते त्यांना ताई. चौथ्या दिवशी ओंकारेश्वरहून इंदूरकडे येताना भेरूघाट लागतो. आमची जीप पाणी घालायला एका वळणावर थांबली होती, त्यामुळे पुढचे मी पाहिले. बाई खालून सावकाश येत होत्या. शक्ती राखून चालवण्याची त्यांची पद्धत होती आणि ती योग्य होती. मामांनी मान वर करून वरची वळणे पाहिली. एकही ट्रक नव्हता. ते मागून ओरडले, "ताई, बिनधास्त मारा! आता पुढे रस्ता खाली आहे! एकदम खाली!"

आमच्या उज्जैनच्या मराठीत खाली म्हणजे रिकामा. पुण्याच्या मराठीत खाली म्हणजे उतार. चढ संपला असे समजून बाई सायकलवर उभ्या राहिल्या आणि राखलेले सगळे बळ त्यांनी त्या एका वळणात घातले. वळणापलीकडे पहिल्यापेक्षा उभा चढ होता. तो दिसूनही त्या चिडून तशाच रेटत राहिल्या, आणि त्यांचा उजवा गुडघा धरला.

"काका, कुठे आहे खाली?" त्या दगडावर बसून म्हणाल्या.

"हे काय, समोर. एकपण गाडी नाही."

"मग रिकामा म्हणा की!"

"रिकामा माणूस असतो, ताई. रस्ता खालीच असतो."

मी दोन्ही अर्थ दोघांना समजावून सांगितले. मामांनी खिशातून वही काढली. त्या दिवशीची नोंद अशी आहे : "विलंब पन्नास मिनिटे. कारण : गार्डची भाषा."

रविवारी सकाळी इंदूरला गुडघा सुजलेला होता. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, जीप में बैठ जाइए. चार बजे प्रोग्राम है, सब लोग आ रहे हैं." बाईंनी कार्ड काढून दाखवले. त्यावर नाव होते गेंदाबाई, राहणार तराना. अध्यक्षांनी मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, "डॉक्टरसाब, आप इंजन हो, आप निकलो. पीछे का मैं देखता हूँ." अठरा सायकली आणि जीप पुढे निघाली. जीपमध्ये मी होतो.

त्यानंतरचा भाग मी पाहिलेला नाही. तो बाईंनी नंतर सांगितला आणि वहीतल्या वेळांशी जुळतो. सांवेरपर्यंत बाई सायकलवर होत्या, पुढे थोडे अंतर सायकलवर आणि थोडे पायी. त्यांनी मामांना तीनदा पुढे जायला सांगितले. मामा म्हणाले, "पुढे गेलो तर शेवटची गाडी तुम्ही होणार. तुमच्याकडे पाटी कुठे आहे?" मग चढावर निदान पाठीला हात तरी लावा, असे बाईंनी सुचवले. मामांनी नकार दिला. "धक्का दिला तर मी इंजन झालो. मला इंजन चालवायची परवानगी नाही." बाईंनी सांगितले की त्या दिवसभरात मामा एका शब्दासाठी मात्र दरवेळी अडखळत. रस्त्यावर गर्दी नसली की म्हणत, "पुढे रस्ता खा..." आणि थांबून, "रिकामा आहे, ताई. रिकामा. चढ आहे, पण रिकामा."

टॉवर चौकात कार्यक्रम चारला सुरू झाला आणि सव्वापाचला संपला. समितीच्या पत्रकात अठरा सायकलस्वार असे होते. व्यासपीठावर मी अठरा मोजले. सहा वाजता बातमी दिली. सात पंचवीसला मामा पोहोचले तेव्हा मंडपवाला कनाती गुंडाळत होता. गार्डला गाडी पूर्ण आल्याची स्टेशनमास्तरकडून सही घ्यावी लागते. दुसरे कोणी नव्हते, म्हणून मामांनी मंडपवाल्याची घेतली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ते अंक घेऊन माझ्या घरी आले. चहाला नको म्हणाले.

"जावईबापू, गाडी अधूरी छापली."

"मामा, मी निघालो तेव्हा अठराच होते."

"पाटी पाहिली होती?"

मी अंक उघडून बातमी पुन्हा पाहिली.

"बाईंच्या पायाचं जाऊ द्या, तो बरा होऊन जाईल. मिलवाल्यांनी तुमच्या पेपरातून आकडा घेतला. यादी अठराची निघून राहिली आहे. त्या तरानावालीच्या डोळ्याचं काय?"

त्यांनी वही पुढे केली. सही वाचता येत नव्हती. मी बँकेत बाईंना फोन केला, मग मंडपवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "हाँ साब, आए थे. पहले मुझसे दस्तखत कराए, फिर खुद पानी पिया." दोन्ही बाजूंनी खात्री झाल्यावर मी त्या बातमीचा भूलसुधार लिहिला. संपादक म्हणाले, "एक आदमी के लिए?" मी म्हणालो, ऑपरेशनही एकच आहे. मंगळवारी तो तिसऱ्या पानावर दोन ओळींत छापून आला. आकडा एकोणीस झाला. मिलमालकांच्या माणसाने त्याच दुपारी एकोणिसावे नाव यादीत घातले. गेंदाबाईंचे ऑपरेशन पुढच्या गुरुवारी झाले. पट्टी सुटली त्या दिवशी मामा आणि बाई दोघेही वॉर्डात होते. गेंदाबाईंनी पहिल्यांदा मामांच्या गळ्यातली शिट्टी पाहिली आणि विचारले, "ये कायके लिए?"

बाईंची नंतर पुण्याला बदली झाली. त्या मामांना दर डिसेंबरात पत्र लिहीत. मामा त्यानंतर नऊ वर्षे होते. त्यांच्यामागे मामींनी ती वही मला दिली. यात्रेच्या पानावर भूलसुधाराचे कात्रण चिकटवलेले आहे आणि त्याखाली मामांच्या अक्षरात "गाडी पूरी आली" असे आहे. शेवटची नोंद मी त्यांना आजारपणात भेटायला गेलो त्या संध्याकाळची आहे : "जावईबापू. आले पाच दहा, गेले पाच पंचवीस. कारण : प्रेस." पुढची पाने खाली आहेत.