धूर नसलेली बोट

चौलजवळच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागलो, तो हंगामी मास्तर म्हणून. डिप्टी साहेब तपासणीला येणार, वर्ग पाहणार. त्यांना पटले तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळून थोरल्या भावाच्या दारात. वहिनीच्या हातचे जेवण मला आवडे, पण त्यासोबतचे टोमणे गळ्याखाली उतरत नसत.

धडे पाठ करून घ्या, असा हेडमास्तरांचा हुकूम होता. मला घोकंपट्टीचा मनस्वी तिटकारा. मी आधी धडा मोठ्याने वाचून दाखवी, मग मुलांकडून वाचून घेई, आणि शेवटी मजकुरावर पाटी ठेवायला लावून नुसत्या चित्रावर प्रश्न विचारी. उत्तर मोडकेतोडके चालेल, पण स्वतःचे हवे.

एका चित्रापाशी मात्र गाडे अडले. दोन गोरी पोरे वल्ही मारताहेत आणि खाली छापलेय, 'धिस इज अ बोट.' वर्गात निम्मी मुले कोळ्यांची. त्यातला एक उठून म्हणाला, "मास्तर, ही बोट न्हाय. होडी हाय."

त्याचे तरी काय चुकले? आमच्याकडे बोट म्हणजे मुंबईहून धूर सोडत येणारी आगबोट. ती खाडीत लांब उभी राही आणि उतारूंना होडीतून काठाला आणत. मी आठवडाभर घसा कोरडा केला. वाचताना सगळे 'बोट' वाचत, पाटी ठेवली की पुन्हा होडी.

डिप्टी साहेबांनी नेमका तोच धडा काढला. वाचन झकास झाले. मग त्यांनी मजकुरावर हात ठेवून चित्र दाखवले. "इज धिस अ बोट?"

"नो, सर," सगळा वर्ग म्हणाला. "इट इज अ होडी."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"व्हाय?" साहेबांनी विचारले.

तोच मुलगा उठला. "बोट हॅज स्मोक, सर. होडी हॅज नो स्मोक." मग त्याची नजर साहेबांच्या पायांकडे गेली. "यू केम इन अ होडी. युअर शूज आर वेट."

होडी सोडली तर त्यातला प्रत्येक शब्द पुस्तकातला होता. ती वाक्ये मात्र कुठल्याच धड्यात नव्हती. मला अभिमान वाटला आणि भीतीही तेवढीच वाटली.

साहेबांनी पुस्तक मिटले. दुपारी हेडमास्तर आणि मी त्यांना पोचवायला खाडीवर गेलो. हेडमास्तर वाटभर माझ्या वतीने माफी मागत होते. मला त्यांचा संताप येत होता.

काठावर साहेबांनी या खेपेला बूट काढून हातात घेतले. "पाठ केलेले मी रोज ऐकतो," ते हेडमास्तरांना म्हणाले. "इंग्रजी यांच्याकडेच राहू द्या."

मग पाण्यात पाय टाकता टाकता माझ्याकडे वळले. "गुड बाय, मास्तर. माय होडी इज हिअर."