एक्केचाळीस बायकांची नावं

काम कुठलंही असो, काका आधी उजव्या तळव्याने टेबल पुसणार, तळवा उलटा करून धूळ बघणार आणि म्हणणार, "टेबल साफ, मग काम." अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी माल तपासण्यात जन्म काढला. आधीच्या मालाचा एक स्क्रू जरी टेबलावर उरला, तरी नवा माल उघडायचा नाही, हा त्यांचा नियम. निवृत्त झाले तरी तो सुटला नाही. घरी तांदूळ निवडायला बसले तरी आधी ताट पुसायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, बघा आठवून.

मी तेव्हा स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचे. माझं तोंड फटकळ, हे आधीच सांगून टाकते. साठी ओलांडलेला हा माणूस वही घेऊन पोरांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मॅडम, मला टायपिंगची परीक्षा नको. मला फोटो दाखवायचेत. पण माझ्या घरातून."

त्यांची बहीण नागपूरला. फोटो फुकट चढवता येतात अशा साइट आहेत, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "आपली माणसं दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवायची?" मग ठरलं असं, की अल्बमचं सॉफ्टवेअर त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसवायचं, तो घरी चालू ठेवायचा आणि बहिणीने तिकडच्या सायबर कॅफेतून अल्बम उघडायचा. मशीनसाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदार हसून म्हणाला, "साईं, इतनी बड़ी हार्ड डिस्क? पिक्चर बनाओगे क्या?"

"नहीं. आई का फोटो रखना है," काका म्हणाले.

फोटो खरं तर एकच होता. कॉलनीमागचा बुद्धविहार बांधून झाला त्या दिवशीचा. पांढऱ्या लुगड्यांतल्या एक्केचाळीस बायका उन्हात डोळे बारीक करून उभ्या. विटा, वाळू, पाणी सगळं त्यांनी डोक्यावरून वाहिलेलं. विहाराच्या दारावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर सगळी नावं पुरुषांची. त्या एक्केचाळिसांपैकी आता काकांची आई तेवढी उरली होती. बाकीच्यांची नावं फक्त तिच्या डोक्यात, आणि तिचा दमा दिवसेंदिवस वाढत चाललेला.

काकांनी एकेक चेहरा वेगळा कापून अल्बममध्ये लावला. रोज संध्याकाळी आईच्या खाटेजवळ स्टूल ओढायचे.

"ही किसनाची आई."

"अगं, पण तिचं नाव?"

"तिला नावानं कोण हाका मारतंय? थांब... भागीरथी. भागीरथीच."

की काका एका बोटाने टाइप करणार, भा-गी-र-थी. दीड महिना हे चाललं. एक्केचाळीस नावं पुरी झाली तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून पेढा दिला. "कागदाला वाळवी लागते, मॅडम. हे पक्कं."

पक्कं कसलं! एका दुपारी अल्बम उघडेना. सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला हवं होतं. माझ्या क्लासमध्ये दोन मशीन बंद पडलेली, वीस पोरं कलकलाट करतायत, आणि फोन वाजला.

"मॅडम, हे विचारतंय, जुनी माहिती काढून नव्याने सुरुवात करायची का?"

"काका, ते जे विचारेल त्याला येस करा हो! किती वेळा सांगू?"

"म्हणजे टेबल साफ करायचं?"

"करा साफ!" मी ओरडले आणि फोन आपटला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. अल्बम छान उघडत होता. चेहरे सगळे जागेवर. नाव मात्र एकाही चेहऱ्याखाली नाही. फोटो वेगळे ठेवलेले म्हणून वाचले, नावं सॉफ्टवेअरच्या आतच होती. नावांची दुसरी प्रत काढून ठेवणं माझं काम होतं. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले होते.

खाटेवरून आजी म्हणाल्या, "काय झालं रं?"

"नावं गेली, आई. मी पुसली."

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, चहा घ्या." काकूंनी कप पुढे केला. आणि मी, एरवी साध्या रिक्षावाल्याचंही ऐकून न घेणारी, मुकाट्याने चहा प्यायले. लाज वाटते सांगायला.

"मुडद्या, जलमभर माल तपासलास, आन् हे नाही तपासलंस?" आजी कडाडल्या. नागपूरहून बहीणही फोनवर त्यांना वाट्टेल ते बोलली. काका आपले "हो, चुकलं" एवढंच.

रविवारी सकाळी पुन्हा बसलो. आजी उशीला टेकून, काका वही घेऊन, मी कीबोर्डवर. प्रत्येक नावानंतर आजींची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. काकूंनी दोनदा "पुरे आता" म्हटलं. आजींनी हातानेच गप्प केलं. सखू. जनाबाई. चंद्रभागा. एका बाईपाशी अडल्या. मग आठवलं. पस्तीस झाली.

"उरलेल्या सहा उद्या," त्या म्हणाल्या. "मला जरा दम खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. काका सहा चेहऱ्यांचा कागद घेऊन गेले. आजींच्या तोंडावर मास्क. त्यांनी कागद पाहिला, एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि हसल्या. ओळखलं होतं त्यांनी. बोलायला श्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

पुढची दोन वर्षं काका तो कागद खिशात घालून फिरले. बदलापूर, उल्हासनगर, बारवी धरणाकडच्या पाड्यांवर. "आमच्या चुलतीसारखी दिसते," कुणी म्हणायचं, "पण नाव काय होतं बरं?" मी अनेकदा ठरवलं, आज सांगते सगळ्यांना की चूक माझी होती. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "मॅडम, चहा घ्या." मग एका सकाळी तेही गेले, छातीत कळ येऊन.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर माणसं पांगली, तेव्हा मी काकूंपाशी बसले आणि रडत रडत ओकून टाकलं. मीच सांगितलं होतं, करा साफ म्हणून.

काकू म्हणाल्या, "अगं बाई, तुझा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत आला होता. मी ऐकलं. आईंनीही ऐकलं."

"मग आजी काकांना का ओरडल्या?"

"ह्यांनी तू यायच्या आधी आम्हा दोघींपुढे हात जोडले. म्हणाले, ओरडायचं तर मला ओरडा, पोर तापट आहे पण मनाला फार लावून घेते. यायची बंद झाली तर पुन्हा नावं कुणाकडून लिहून घेऊ?"

काकूंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि कॉम्प्युटर चालू केला. अल्बम उघडला. पस्तीस चेहऱ्यांखाली पस्तीस नावं. राहिलेल्या सहा जणींखालची जागा काकांनी रिकामी सोडली नव्हती. प्रत्येकीखाली, एका बोटाने, त्यांनी लिहिलं होतं, "आईला विचारायचं आहे."