तिसरी हाक

पाच मे. माळा आवरताना जुना स्टोव्ह हाती लागला आणि रॉकेलच्या वासाने देवरूखकडचा डोंगर आठवला. ब्याऐंशीच्या दिवाळीत आम्ही हाच स्टोव्ह घेऊन तिथल्या बंगल्यावर सहलीला गेलो होतो. संध्याकाळी धुकं उतरलं आणि झऱ्यावर गेलेली नणंद परतेना. मी हाक मारली, “वन्सं!” “आले!” आवाज तिचाच, पण कड्याच्या बाजूने. मी तिकडे धावले, तर बंगल्याचा रखवालदार आडवा आला. “बाई, तिकडं वाट नाय. तीनदा हाक मारा. तिसरीला ओ देईल तोच माणूस.” दुसऱ्या हाकेलाही कड्याकडूनच “आले” आलं. तिसरीला नणंद मागच्या पायवाटेने कळशी घेऊन वर आली. “वहिनी, हाक मारायला एवढा वेळ? आत्ता कुठे एक ऐकली.” प्रतिध्वनी असेल, असं मी अजूनही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चटणीचा नारळ कड्यावरच्या देवाला ठेवला आणि घावने नुसत्या चहाबरोबर वाढले.