शिवाकाकांची दिवळी

आधीच सांगून ठेवतो, मी बेळगावात हायस्कुलात सायन्स शिकवतो. अंगात येणं, अंगारे-धुपारे, या सगळ्याची मला भयंकर चीड आहे. गावी कुणी असलं काही सुरू केलं की मी सरळ उठून जातो. तरीही हे लिहितोय... कारण मनातून जात नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. पहिल्या जर्मन लढाईत गावातली बरीच पोरं पलटणीतून तिकडं इराकात, बसऱ्याकडं गेली. लढाई संपल्यावर सरकारनं एक संगमरवरी पाटी पाठवली. इंग्रजीत किती गेले, किती मेले, बस्स. नाव एकाचंही नाही! गावाला ते पटलं नाही. मग आमच्या पाथरवटानं वेशीत काळ्या दगडाचा खांब उभा केला. जुन्या वीरगळावर असतात तसे माथ्यावर चंद्र-सूर्य, मधे ती पाटी, आणि खाली परत न आलेल्या प्रत्येकासाठी एकेक दिवळी, म्हणजे पणतीपुरता कोनाडा. साहेबाची पाटी आणि आमचा वीरगळ एकत्र बसवलेला असा खांब मी तरी दुसरीकडं पाहिलेला नाही. दिवाळीच्या पाडव्याला, तिन्हीसांजेला, ज्याच्या त्याच्या घरचं माणूस येऊन त्याच्या दिवळीत पणती लावतं.

त्यातली एक दिवळी माझ्या शिवाकाकांची. काका मेल्याची तार कधी आलीच नाही. आला तो नुसता 'मिसिंग'चा कागद. पाथरवटानं मात्र परत न आलेल्यांत त्यांनाही धरलं. काकू खवळली. "माझ्या कुकवाचं ठरवणारा तू कोण रं?" म्हणून भर वेशीत त्याला झाडलं. तिनं कुंकू पुसलं नाही की त्या दिवळीत कधी पणती लावली नाही. बायका तिला हळदी-कुंकवाला बोलवायला कचरायच्या. पाडव्याला ती घरी काकांचा पाट मांडायची आणि त्या रिकाम्या पाटाला ओवाळायची.

खांबापाशी जायचे ते आमचे आप्पा, माझे वडील. भाऊ अंधारात नको, म्हणून. आणि ती पणती दर वर्षी विझायची. बाकीच्या तेवतायत, ही विझली! आप्पा घरी आले की काकू दारातच विचारायची, "इझली न्हवं?" आप्पा मान हलवायचे. मग तिच्या तोंडावर जे हसू यायचं... आणि मगच ती पाटाला ओवाळायची.

मी म्हटलं, वारा असणार, दुसरं काय! एका पाडव्याला आप्पांबरोबर गेलो. वात बदलली, उपरणं आडवं धरलं. विझली. शेजारच्या दिवळीतली जळती पणती उचलून इथं ठेवली, तीही विझली. आणि आमची शेजारी नेली तर छान जळायला लागली. आप्पा म्हणाले, "झाली का परीक्षा, मास्तर?"

पुढं आप्पा गेले. दुसरी लढाई सुरू झाली, पलटणी पुन्हा निघाल्या. त्यातल्याच एका पाडव्याला मी पणती लावली आणि विझायची वाट बघत उभा राहिलो. बघतोय, बघतोय... विझेना. ज्योत सरळ, शांत. कशालाच न मानणारा मी मनात म्हणत होतो, विझ गं बाई, विझ. फुंकर मारायला वाकलोसुद्धा, पण धीर झाला नाही.

घरी काकू दारात उभी. हातात ओवाळणीचं ताट. "इझली न्हवं रं?"

मला खोटं बोलता येईना, खरं सांगवेना. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तशीच ताट घेऊन वेशीकडं चालू लागली. मी मागोमाग.

पणतीसमोर ती थांबली. मग तिनं हातातल्या निरांजनानं त्या दिवळीला ओवाळलं. शेवटचं. आणि पदरानं कपाळ पुसलं. मला वाटलं आता हंबरडा फोडेल. पण तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माझेच गळत होते.

तेव्हापासून ती पणती दर पाडव्याला इतरांसारखीच तेल संपेपर्यंत जळते. आधी का विझायची, आता का विझत नाही, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर ऐकीन, वाद घालणार नाही. पण त्या संध्याकाळी परत येताना काकूनं मला जे विचारलं, त्याचं उत्तर कोण देणार?

"आता गेलं म्हंजे येवढी वर्सं जित्तं हुतं न्हवं? मग आलं का न्हाईत रं?"