यशोदाबाईच्या तीन कोऱ्या चौकटी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ज्या बहिणीला मी पत्रानं कळवते, तिलाही नाही. अकरा वर्षं झाली. सांगायला तोंड उघडलं की दुसराच विषय निघतो – आणि तो मीच काढते, बरं का. म्हणून आज लिहायला बसले आहे. कागदावरही विषय बदलता येतो म्हणा, पण तो बदललेला दिसतो तरी.

आधी आकड्यांचं सांगते. बघा, लागले ना आडवळणाला! पण ते आकडे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत होते. नवी नोकरी, नवी पदवी, आणि स्वतःला फार हुशार समजायची सवय. आमचे डॉक्टरसाहेब एका कापडगिरणीतल्या कामगारांचा श्वास तपासत होते. कापूस पिंजायच्या खात्यात भुकटी अशी उडायची की पाळी संपेपर्यंत माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. ही भुकटी वर्षभर छातीत गेली तर श्वास किती उतरतो, एवढंच साहेबांना पाहायचं होतं. दर दोन महिन्यांनी एका सोमवारी, भोंगा व्हायच्या आधी, साठ जणांनी रांगेनं एका नळीत जोरात फुंकायचं, आणि काटा कुठवर गेला तो आकडा मी लिहायचा. एका माणसाचे वर्षाचे सहा आकडे. फॉर्मवर सहा चौकटी.

आणि एक गोष्ट त्या चौकटींवर अवलंबून होती. ज्यांचा आकडा शेवटपर्यंत उतरत जाईल त्यांना गिरणी घडीखात्यात बदली देणार होती – तयार कापडाच्या घड्या घालायचं काम, भुकटी नाही. हे साठही जणांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

यशोदाबाई त्या खात्यात झाडू मारायची. चाळिशीची असेल, काटक, तोंडानं फटकळ. घशातली भुकटी उतरावी म्हणून गिरणीत पाळी सुटताना गूळ वाटत. शनिवारचा आपला खडा ती पदरात बांधून ठेवायची आणि सोमवारी माझ्या हातावर ठेवायची. मग नळी हातात घेऊन सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, "चुलीत फुंकलं तं जाळ तरी होते. याच्यात फुंकून काय भेटते वं बाई?" रांग हसायची. मीही हसायची, आणि आकडा लिहायची. तीनशे दहा. मग दोनशे नव्वद. मग दोनशे साठ.

चौथ्या सोमवारी ती आली नाही. पाचव्या, सहाव्यालाही नाही. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारीच तिची छाती भरून यायची, मंगळवारी ती कशीबशी कामावर उभी राहायची, असं रांगेतल्या बायकांनी मला सांगितलं. मी मान हलवली. चौकटी कोऱ्या ठेवल्या.

मग ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायची वेळ आली. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे दुसऱ्याच एका कचेरीतली खोलीभर यंत्रं. आमचे फॉर्म पाहून तिथं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत आणि ती कार्डं यंत्राला चारत. त्या यंत्राला कोरी जागा समजत नव्हती. कोरं दिसलं की ते शून्य धरायचं. आठवड्यानं कागदाची लांबलचक पट्टी आली, तिच्यावर सतरा माणसांच्या नावापुढे श्वास – शून्य. यशोदाबाईपुढे ओळीनं तीन शून्यं. साहेबांनी ती पट्टी माझ्यासमोर आपटली. "शून्य श्वास म्हणजे मेलेला माणूस. सतरा मेलेली माणसं घेऊन मी अहवाल लिहू?"

मला ती पट्टी घरी आणवली नाही, हे खरं. काहीतरी अशुभ हाती आल्यासारखं वाटत राहिलं.

साहेबांनी सतरा पत्ते दिले. जे आले नाहीत त्यांच्या घरी जा, नळीत फुंकवून घे, आठ दिवसांत आकडे आण. वेगवेगळ्या महिन्यांचे आकडे एकाच दिवशी घेता येत नाहीत, हे त्यांनाही समजत होतं. पण निदान शेवटचा तरी खरा असता.

मे महिना होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, सायकलच्या टोपलीत ती नळी ठेवून मी निघाले. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप, सगळे लग्नाला गावी. तिसरं घर यशोदाबाईचं, गिरणीमागच्या चाळीत. दार अर्धं लोटलेलं. मी कडी वाजवायला हात उचलला आणि आतून आवाज आला. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा निघावी तसा – थांबून, पुन्हा, थांबून, पुन्हा. थांबलेला वेळ दर खेपेला लांबत होता. मी मोजत होते. सवयच ती.

हात तसाच खाली आला.

का? उन्हाचं कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. संध्याकाळी मला पाहायला पाहुणे येणार होते, तेही दिलं. दोन्ही खरी, आणि दोन्ही खोटी. मला भीती वाटली. ही बाई माझ्या नळीत फुंकता फुंकताच गेली तर? माझ्या हातात नळी, आणि काटा शून्यावर! पट्टीवर जे छापून आलं होतं ते माझ्यासमोर घडेल असं मला वाटलं. मी सायकल वळवली. उरलेल्या चौदा घरी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी कूलरसमोर बसून मी कोऱ्या चौकटी भरल्या. प्रत्येकाचा मागचा आकडा घ्यायचा, त्यात पाच मिळवायचे, पुन्हा पाच काढायचे. खरं वाटावं म्हणून. यशोदाबाई – दोनशे साठ, दोनशे पासष्ट, दोनशे साठ. ज्यांची छाती सगळ्यांत वाईट तेच सोमवारी येत नव्हते, त्या कोऱ्या जागा म्हणजेच त्यांचा आजार होता – हे मला तेव्हा कळलं नव्हतं का? कळलं होतं. त्यातल्या एका दारातून मी ते ऐकलं होतं.

या वेळी यंत्रानं सगळं निमूट घेतलं. साहेबांनी मला शाबासकी दिली; मधल्या महिन्यांचे आकडे कुठून आणले, ते विचारलं नाही. बदलीची यादी लागली, यशोदाबाईचं नाव तिच्यात नव्हतं. श्वास आधी उतरला, मग स्थिरावला, धोका नाही, असा अहवालात तिच्या नावापुढे शेरा; गिरणीत तो तिला वाचून दाखवला.

इथपर्यंतचं पाप मी कदाचित बहिणीला सांगितलंही असतं. सांगता येत नाही ते यापुढचं.

जुलैत यशोदाबाई संस्थेत आली. जिना चढून आली, आणि दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ नुसती उभी राहिली, बोलता येईना म्हणून. साहेब खोलीतच होते. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बाई, तुमी तं माह्या घरी आल्याच नाई. मंग माहा श्वास कोनं मोजला?"

आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, ती विचारत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. माझी नोकरी गेली असती, तिची बदली झाली असती. इतका स्वच्छ सौदा आयुष्यात पुन्हा समोर आला नाही.

मी म्हणाले, "आले होते ना यशोदाबाई. तुम्ही तापात होता. उठवून बसवलं मी तुम्हाला, फुंकलंत तुम्ही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी नजर हलवली नाही, तेवढं धैर्य मात्र होतं. मग तिनं मान हलवली.

"असंन बाई. तापात मले समजलं नसंन."

माझ्यावर विश्वास ठेवला हो तिनं! स्वतःच्या आठवणीवर ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. जाताना पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा माझ्या टेबलावर ठेवला. सोमवार नव्हता तरी. ती पिंजणखात्यात परत गेली, आणि दिवाळीच्या आत वारली. सोमवारी, पाळी सुरू असताना, झाडू हातात. मला हे रांगेतल्या बायकांनी सांगितलं, आणि मी मान हलवली.

हे सगळं आता का आठवलं? आठवलं नाही, विसरलेच कधी नव्हते. पण मागच्या महिन्यात संस्थेत नवा कॉम्प्युटर आला, टेबलावर मावेल एवढा. जुने अभ्यास त्यात घालायचे ठरलं, आणि गिरणीचे फॉर्म माझ्याकडेच आले, कारण ते अक्षर माझं. शिकवायला आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, माप घेतलेलं नसेल तिथं काही टाकू नका. याला कोरी जागा समजते. तो माणूस आला नव्हता, एवढंच हा धरतो."

गेल्या शनिवारी दुपारी यशोदाबाईची ओळ आली. खोलीत मी एकटी होते. साहेब निवृत्त झालेत, गिरणीचं ते खातं बंद पडलंय, मला विचारणारं कुणी उरलेलं नाही. पहिले तीन आकडे टाकले. चौथ्या चौकटीत पडद्यावरची उभी रेघ लुकलुकत होती, थांबून, पुन्हा, थांबून, पुन्हा.

मी दोनशे साठ टाकले. मग दोनशे पासष्ट. मग दोनशे साठ.