पाव्हण्याचं पाणी

अकोल्याच्या ठेसनावर बाबा मला पोचवायला आले तेव्हा त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता आणि तोंडावर राग होता. राग कशाचा ते मला माहीत होतं. दोन मुलं, थोरला किसन वखरामागं चालतो, आणि धाकट्यानं अमरावतीच्या कॉलेजात चार वर्षं घालवून शास्त्राची पदवी आणली. आता म्हणतो वकिली नको, मास्तरकी नको, तहसिलीतली कारकुनी नको, मुंबईला जाऊन आणखी शिकतो. बडनेऱ्याकडून गाडी आली. मी ट्रंक चढवली आणि खिडकीशी जागा धरली. बाबांनी खिडकीतून तांब्या आत सरकवला. "गोडं पानी हाये. भुसावळपावतर पुरवजो," एवढंच म्हणाले आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले.

त्या तांब्याकडे पाहून मला जे कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं नाही. मी तो मूर्तिजापूरचा कोणी तरी सोयरा घेईल तसा घेतला आणि बाकाखाली ठेवून दिला.

तुम्ही पूर्णाकाठचे असाल तर तुम्हाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या पट्ट्यात जमीन काळी, कापूस द्यायला कधी मागं सरायची नाही, पण तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर कितीही खोल न्या, खारंच. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. घागरीच्या आत पांढरा थर चढतो तो विळ्यानं खरवडावा लागतो. गोड्या पाण्याची विहीर पाच कोसावर, अकोल्याच्या अंगाला. आठ-पंधरा दिवसांनी बंडीवर पिंप घालून तिथून पाणी आणायचं आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणात भरायचं. ते पाणी पाव्हण्याचं. जावई आला, पटवारी आला, लग्नाची बोलणी करायला माणसं आली, तर त्यांना. घरच्यांनी विहिरीचं प्यायचं. लहानपणी मी एकदा चोरून त्या रांजणात पेला बुडवला तेव्हा मायनं पाठीत धपाटा घातला होता. "पाव्हन्याच्या तोंडचं पेतं कारे?" म्हणाली. खरं सांगू का, ते पाणी मला फिकं लागलं होतं. धपाटा फुकट गेला.

आणि आमच्या गावात माणसं सुजायची. चाळिशी उलटली की सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं दिसायचं, मग जोडा आवळायचा, मग पोट चढायचं. मग एक दिवस बंडीत निजवून अकोल्याला नेलेला माणूस तसाच निजलेला परत यायचा. आजा असा गेला, मोठा काका असा गेला. "आंगावर पानी उतरलं," असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या पऱ्हाटीत निंदायला जायचे. त्या खाऱ्या पाण्याचाच हा प्रताप होता की आणखी कशाचा, ते मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं, आणि माझा राग आजही त्यावरच आहे.

मुंबईत एका प्रयोगशाळेत लागलो. आमचे साहेब विद्वान माणूस, माझं 'मले-तुले' ऐकलं की कपाळाला आठी घालायचे. त्यांनी मला काम दिलं ते गुर्द्यांचं, म्हणजे मूत्रपिंडांचं. सकाळी कत्तलखान्यात जायचं, नुकत्या कापलेल्या मेंढ्यांचे गुर्दे बर्फाच्या डब्यात घालून आणायचे, चरबी सोलायची, बारीक वाटायचे, गारठवलेल्या ॲसिटोनमध्ये ओतायचे, गाळून वाळवायचे. जी भुकटी उरते तिच्यात एक एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे अंगातला एक कामकरी समजा, दुसऱ्या पदार्थाची मोडतोड करतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. शुद्ध करत गेलं की त्याच्या पाण्याला पिवळी झाक येते. बोटं बर्फानं बधिर व्हायची आणि खोलीवर आलं की नळाचं पाणी तोंडाला बेचव लागायचं. मी पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्यायचो. खोलीतला कोकणातला सोबती ते पाहून पोट धरून हसायचा.

हे एन्झाइम काय मोडतं ते ऐका, कारण सगळी गोम तिथंच आहे. आपलं मांस काय, डाळीतलं सत्त्व काय, सगळं अमिनो आम्लांचं बनलेलं. ही आम्लं दोन तऱ्हेची असतात, डाव्या पायाच्या आणि उजव्या पायाच्या जोड्यासारखी. दिसायला सारखी, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही. जिवंत शरीर बांधलंय ते डाव्या जोड्यांनी. उजवी, म्हणजे डी-अमिनो आम्लं, ना आपल्या अंगात ना अन्नात, निदान आम्हाला तरी ठाऊक नव्हती. आणि आमचं एन्झाइम मोडायचं ते फक्त उजव्यांना, डाव्यांकडे ढुंकून पाहायचं नाही. बरं, ते भरलेलं कुठं, तर गुर्द्यात, आणि तेही गच्च. काचेच्या भांड्यात उजवं आम्ल टाकलं की ते प्राणवायू ओढायला लागायचं, बाजूच्या नळीतला द्रव डोळ्यांदेखत चढायचा, आणि शेवटी भांडं उघडलं की ढोराच्या गोठ्यासारखा वास. जो कधी येतच नाही त्याच्यासाठी गुर्द्यानं एवढा पहारा कशाला बसवला, हे साहेबांनाही सांगता येत नव्हतं. न सुटलेला प्रश्न हाती लागला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात घरी गेलो. संध्याकाळी ओट्यावर बाबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "तू मुंबईले करतं तरी काय?"

मी म्हटलं, गुर्द्यावर काम करतो. मग ती पहाऱ्याची गोष्ट सांगितली, पिवळ्या पाण्याचंही सांगितलं. चोर कधी आलाच नाही आणि राखणदार मात्र जागा आहे, असं जरा ऐटीतच म्हणालो.

"चोर आलाच नाई असं कोनं सांगतलं तुमाले?" बाबा म्हणाले. "तुमाले दिसला नाई, असं म्हना."

मग त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत सारलं, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा पडला. मी तो भरून यायची वाट पाहत राहिलो. किसनभाऊ ओट्यावर होता, माय दारात होती. खड्डा तसाच होता.

"आता हे पाय. तू शिकून राहिला तेच ना हे?"

इथं मी सांगायला हवं होतं. बाबा, मी डॉक्टर नाही, माझं एन्झाइम काचेच्या भांड्यात चालतं, तुमच्या पायाशी त्याचा काय संबंध ते मला माहीत नाही. मी म्हणालो, "पाहतो." दोन दिवसांत गावभर झालं की गणपत गुर्द्याचा दाक्तर होऊन आला. लोक ओट्यावर येऊन पाय दाखवू लागले आणि मी गाढव, एकेकाची नडगी दाबून गंभीर चेहरा करत बसलो. पोट्टा वाया गेला म्हणणारेच आता अहो-जाहो करत होते. मला ते आवडलं होतं, दुसरं काही नाही.

एवढं मात्र केलं की बाबांना अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. त्यानं सांगितलं, मीठ बंद, विहिरीचं पाणी बंद, गोडंच प्यायचं, आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं. पातूरला माझं आजोळ, तिथं मळ्यांना गोडं पाणी. मी म्हटलं, चार महिने मामाकडे राहा. "सोयऱ्याच्या दारी मरू काय?" म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला. किसनभाऊनं आठवड्यातून दोनदा बंडी न्यायचं कबूल केलं आणि मी निश्चिंत होऊन मुंबईची गाडी धरली. निघताना खिडकीतून तांब्या आलाच.

मग किसनभाऊची पत्रं येऊ लागली. बाबा बरे आहेत. बाबा अकोल्याला जायला तयार नाहीत, म्हणतात घरचा दाक्तर असतानी परका कायले. बाबा विचारतात ते पिवळं औषध झालं का. पिवळं औषध! मी ऐटीत सांगितलेल्या पिवळ्या पाण्याचं त्यांनी औषध केलं होतं. मग उत्तर लिहिलं, 'अजून तयार व्हायचं आहे. डॉक्टरकडे जात जावे.' पहिलं वाक्य खोटं होतं आणि त्यानं दुसऱ्याचा जीव घेतला.

तेवढ्यात लढाई आली. ॲसिटोन दारूगोळ्याला लागतं, ते आमच्या वाट्याला येईना. सहा महिने माझे हात रिकामे होते. त्या सहा महिन्यांत मी घरी जाऊ शकलो असतो. गेलो नाही, कारण औषध कुठं आहे म्हणून विचारलं तर काय दाखवू? शेवटी लाज वाटून कळवलं, दिवाळीला नक्की येतो. आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर ॲसिटोनचा एक डबा आला. साहेब म्हणाले, लगेच वापरा, पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. मी राहिलो. त्या दिवाळीत इतकं स्वच्छ पिवळं एन्झाइम निघालं की साहेबांनी पाठ थोपटली. मी सुखात होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

मार्गशीर्षात तार आली. अकोल्याच्या ठेसनावर किसनभाऊ उभा होता, डोकं भादरलेलं. बाबांना नेऊन दोन दिवस झाले होते.

घरी पोचलो. माय भिंतीशी बसली होती ती उठली, कोपऱ्यात गेली, रांजणात पेला बुडवला आणि माझ्यापुढं धरला. रांजण काठोकाठ भरलेला होता. मी तिच्याकडे पाहिलं.

"दिवाळीपासून असाच भरून हाये," माय म्हणाली. "किसन आनत जाय, मी पेला भरून देत जाओ. तं तुहे बाबा म्हनत, राहू दे, गनपत येऊन राहिला, त्याले लागन. आपल्याले विहिरीचं हाये ना. शिळं झालं का बैलाले पाजाले लावत, अन् नवं भरून ठेवत."

बैलांनी प्यालं. माझ्या बापाच्या जिवासाठी पाच कोसावरून आणलेलं पाणी बैलांनी प्यालं, आणि तो खारं पीत माझी वाट पाहत बसला. पोटचा पोरगा त्याच्या लेखी पाव्हणा कधी झाला? ठेसनावर तांब्या दिला त्याच दिवशी झाला होता. मी तो पेला घेतला आणि प्यालो. तहान लागली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लढाई संपली, माझा प्रबंध मान्य झाला, दोन वर्षांपूर्वी मायही गेली. गुर्द्यातला तो राखणदार कुणासाठी जागतो, ते अजून कुणाला कळलेलं नाही. मी आता पाण्यात मीठ टाकत नाही. सवय कधी सुटली ते आठवत नाही.

गेल्या चैत्रात घरी गेलो. किसनभाऊ शेतातून आला आणि ओट्यावर बसून त्यानं वहाणा काढल्या. पट्ट्याची खूण पावलात खोल रुतलेली होती. वहिनीनं दोन पेले आणून ठेवले. माझ्यापुढं रांजणातलं, त्याच्यापुढं विहिरीचं. मी वाकलो आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला.

"मंग, दाक्तर?" तो हसून म्हणाला.

खड्डा भरत नव्हता. बाबांच्या वेळी जे बोलायचं राहिलं ते मी बोललो. "भाऊ, मी दाक्तर नाई. माह्यापाशी औषध नाई. बाबासाठी बी नव्हतं."

त्याचं हसू गेलं. पाय मागं घेत म्हणाला, "मंग तवा काहून नाई सांगतलं?"

मी माझा पेला त्याच्यापुढं सरकवला. "हे तू पे. अन् उद्या अकोल्याले चाल माह्यासंगं."

"ते पाव्हन्याचं हाये."

"मंग मी पाव्हना नाई," मी म्हटलं आणि त्याचा पेला उचलून तोंडाला लावला. ज्या पाण्यावर मी वाढलो ते माझ्या घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळलं. वहिनी दारातून पाहत होती. भाऊनं गोडं पाणी उचललं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "फिकं लागते," म्हणाला आणि पेला खाली ठेवायला लागला. मी वहिनीला म्हटलं, मला विहिरीचं आणखी एक द्या. तेव्हा कुठं त्यानं उरलेलं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. डॉक्टर नवा होता, बोलणं जुनंच. तेव्हापासून रजा मिळाली की मी जातो. जे गावात राहिले ते विचारतात, तुझं घर आता कुठलं, आणि जे माझ्यासारखे गाडीत बसून गेले तेही विचारतात. माझं घर तेच आहे, पण तिथं मी पाव्हणा नाही हे मला दर वेळी पिऊन दाखवावं लागतं. मी आहे तोवर भाऊ माझ्यासमोर गोडं पितो. मी निघालो की काय पितो, ते पाहायला मी तिथं नसतो.

परवा त्याचं पत्र आलं. लिहितो, 'गोडंच पेतो, पायाची सूज उतरून राहिली, काळजी करू नोको.' मी ते तीनदा वाचलं. मीही एकदा त्या घरी असंच पत्र लिहिलं होतं, अजून तयार व्हायचं आहे म्हणून, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.