दहापैकी चार

एकतीस वर्षं मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्या सगळ्या काळात एका शब्दाला एकच अर्थ असायचा. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि घरून दहा-दहा वेळा लिहून आणायचं. एखादं आगाऊ पोर विचारायचं, "सर, लाइट म्हणजे हलकं असंही असतं ना?" मी सांगायचो, परीक्षेत उजेडच येणार आहे. आणि परीक्षेत उजेडच यायचा, कारण पेपर मीच काढायचो.

दुसरा नियम सहीचा. दहापैकी पाचाच्या खाली गुण पडले की पेपरावर पालकांची सही आणायची. माझा मुलगाही माझ्याच वर्गात होता. सातवीत त्याला चार पडले. मी भर वर्गात त्याला सही आणायला सांगितलं. संध्याकाळी आगाशीच्या आमच्या घरी मी ओटीवर चहा पीत बसलो होतो, तर हा पेपर घेऊन समोर उभा. मी चष्मा लावला, पेपर जणू पहिल्यांदाच बघतोय असा वाचला, सही केली आणि खाली ‘लक्ष द्यावे’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच सही मी तपासूनही घेतली. हा किस्सा आमच्याकडे दर गणपतीत निघतो. सगळे हसतात. मुलगाही हसतो, पण तो सगळ्यांच्या थोडा नंतर हसतो.

आता तो विरारला फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याची मुलगी, माझी नात, बंगळूरला हॉस्टेलवर राहून शिकते. ती मला फोनवर लांबलचक इंग्रजी मजकूर पाठवायची. मेसमधलं सांबार, रूममेटचं घोरणं, मास्तरांच्या नकला. आजीशी बोलायचं ते आमच्या घरच्या बोलीत आणि आजोबांना लिहायचं ते इंग्रजीत, अशी वाटणी तिने लहानपणापासूनच केली होती. मला त्याचा फार अभिमान होता. माझ्याएवढं मन लावून तिचं कोण वाचणार?

मी खरोखरच मन लावून वाचायचो. फोनच्या काचेवर पेन चालत नाही, म्हणून तिचा मजकूर आधी वहीत उतरवून काढायचो, मग लाल पेनाने तपासायचो आणि फोटो काढून तिला परत धाडायचो. नात ‘भारी’ अशा अर्थाने कौतुकाने ‘सिक’ लिहायची, मी शेजारी ‘औषध घेतलेस का?’ असं विचारायचो. सुरुवातीला ती हसणारे चेहरे पाठवायची. त्यांना तरी एकच अर्थ असतो, असं मी धरून चाललो होतो.

मग परीक्षेच्या दिवसांत एकदा तीनच ओळी आल्या. पेपर झाला. आय ॲम कुक्ड. बाबांना एवढ्यात सांगू नका.

तीन ओळी बघून मला वाटलं, पोरगी आळस करायला लागली. आणि मधली ओळ तर सरळच चूक. माणूस शिजत नाही, शिजवतो. मी ते वाक्य ‘मी स्वयंपाक केला आहे’ अशा अर्थाचं करून दिलं. वर आपुलकीने, कोणती भाजी केलीस, असंही विचारलं. मजकूर तोकडा म्हणून गुण दिले दहापैकी चार. आणि हात सवयीने चालतच होता, म्हणून खाली लिहिलं, पालकांची सही आणावी.

त्यानंतर तिचं काही आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज सकाळी फोन बघायचो आणि बायकोला दिसू नये म्हणून हवामान बघतोय असं दाखवायचो. तिच्या फोनवर नातीचा आवाज येत होता, आजी जेवलीस का, मोगरा फुलला का. माझं नाव त्यात नव्हतं. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. एवढं फुकट शिकवतो, तर लोकांना नको.

रविवारी मुलगा वाडीतली केळी न्यायला आला. घड पिशवीत घालता घालता म्हणाला, "ती एका विषयात राहिली, बाबा. कळलं ना?"

मला काहीच माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत नाही? तिने सगळ्यात आधी तुम्हालाच लिहिलं होतं. कुक्ड म्हणजे वाट लागली. आम्हाला चार दिवसांनी सांगितलं तिने."

"मला तो अर्थ माहीत नव्हता रे."

"अर्थ नाही कळला ते चालतं हो. मार्क कशाला दिलेत?"

तो गेल्यावर मी वही उघडून ते पान पाहिलं. तिचे शब्द, माझं अक्षर आणि त्यावर माझाच लाल पेन. पोरगी नापास होण्याची भीती मला सांगायला आली होती आणि मी तिला दारातच नापास केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

पण मास्तराला कुठल्याही दुखण्यावर एकच औषध माहीत असतं, ते म्हणजे अभ्यास. मी नवी वही आणली आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोन उभ्या रेघा मारल्या. शब्द, कोशातला अर्थ, पोरांचा अर्थ. शेजारच्या वाडीतली कॉलेजात जाणारी मुलगी संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला यायची, तिला मी गुरू केलं. सॉल्टी म्हणजे चिडका. कॅप म्हणजे थाप. टी म्हणजे दुसऱ्याच्या घरातली खबर. ती मात्र आमच्याकडेही चहाबरोबरच मिळते. घोस्ट म्हणजे उत्तर द्यायचं बंद करून गायब होणं, आणि हा शब्द मी वहीत लिहायच्या आधीच अनुभवाने शिकलो होतो. केळींना पाणी सोडताना मी प्रत्येक शब्द मोठ्याने दहा-दहा वेळा म्हणायचो. मुलगी कळ्या खुडणं थांबवून म्हणाली, "काका, हे पाठ करायचं नसतं हो." मी तिलाच विचारलं, मग लक्षात कसं राहणार?

पंधरा दिवसांनी मी नातीला लिहिलं. आठ ओळी, सात इंग्रजीत, आणि एकेका ओळीत दोन-दोन नवे शब्द कोंबलेले. तू मला घोस्ट केलंस, मी सॉल्टी नाही, नो कॅप, वगैरे. वाचून पाहिलं तेव्हा मजकूर कुण्या भलत्याच माणसाचा वाटत होता. शेवटची ओळ तेवढी मराठीत आली, कारण ती इंग्रजीत कशी म्हणायची ते तिसऱ्या रकान्यातही नव्हतं. ‘पेपराचं आधी विचारायला हवं होतं, चुकलो.’

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. तिने माझा सगळा मजकूर स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून काढला होता आणि लाल पेनाने तपासला होता. पहिल्या ओळीला फुली, शेजारी ‘हे आता कुणी म्हणत नाही’. तिसरीला फुली, ‘आजोबा, तुमच्या तोंडी हे नको’. पाचवीला नुसतंच मोठं प्रश्नचिन्ह. शेवटच्या ओळीवर एकच खूण होती, बरोबरची. गुण दहापैकी चार, चारही त्या एका ओळीचे. खाली लिहिलं होतं, फेरपरीक्षा झाली की फोन करते, तोवर पालकांची सही आणणे.

मी तो फोटो आगाशीच्या बाजारात जाऊन छापून घेतला. सही बायकोची चालेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मी काय तुमची पालक? ज्याला विचारल्याशिवाय हल्ली तुम्ही डॉक्टरकडे जात नाही, त्याच्याकडे जा."

म्हणून संध्याकाळी बसने विरारला गेलो. मुलगा नुकताच कामावरून आला होता. मी कागद त्याच्यासमोर धरला आणि उभाच राहिलो, बस म्हणेपर्यंत बसायचं सुचलं नाही. त्याने चष्मा लावला. कागद वरून खालपर्यंत सावकाश वाचला, जणू लेकीने त्याला आधी काही सांगितलंच नव्हतं. मग खिशातलं पेन काढून सही केली आणि खाली दोन शब्द लिहिले, ‘लक्ष द्यावे’. कागद माझ्या हातात दिला आणि हसला. या वेळी तो आधी हसला, मी थोडा नंतर.